आईवडिलांना मुलांचं कलेतलं काम खरंच कळतं का?

रेषा_नाशिकरोड (धागाकर्ती)

विषय जुना आहे, पण मला तो नाशिकपुरता बोलायचाय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पोटापाण्याचा उद्योग हाच, दुसरी नोकरी नाही. घरून विरोध कधीच झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. पण नातेवाइकांनी विचारलं की बाबा सांगतात, "ती कॉम्प्युटरवर काम करते." आई म्हणते, "घरीच असते, बरं चाललंय तिचं." दोन्ही खरंच आहे. फक्त त्यात माझं काम कुठे दिसत नाही.

काम काय असतं ते थोडक्यात लिहिते. गोष्ट हातात येते तेव्हा ती जेमतेम दोन पानांची असते. तिचे चोवीस पानांवर तुकडे पाडायचे. कोणत्या पानावर काय येईल, पान उलटेपर्यंत काय लपवून ठेवायचं, हे ठरवायचं. अंगठ्याएवढ्या चौकटी काढून आख्खं पुस्तक एका कागदावर बसवायचं. मग पेन्सिलीतली कच्ची चित्रं, संपादकांनी सुचवलेले बदल, पुन्हा कच्ची चित्रं आणि शेवटी रंग. तिसऱ्या पानावर मुलीच्या वेणीला लाल रिबीन असेल तर विसाव्या पानावरही तीच रिबीन, त्याच बाजूला हवी. यात तीन-चार महिने सहज जातात. पैसे हप्त्यांनी मिळतात: थोडे काम ठरताना, थोडे कच्ची चित्रं मंजूर झाल्यावर, उरलेले शेवटी. तो शेवटचा हप्ता बऱ्याचदा पुस्तक छापून येईपर्यंत अडकतो.

माझं म्हणणं असं की आईवडिलांना आपली चित्रं आवडलीच पाहिजेत असं नाही. आपलं नाटक बघून त्यांना झोप आली तरी चालेल. पण काम कसं होतं, त्यात कष्ट कुठे आहेत, पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो, एवढं त्यांना माहीत असायला हवं. आणि हे त्यांना दुसरं कोण सांगणार? आपणच. आपण मात्र "तुम्हाला नाही कळायचं" म्हणून दार लावून घेतो.

तुमच्या घरी काय चित्र आहे? आईवडील असलेल्यांनीही लिहा, प्लीज.


सातपूरकर

ताई, तुमच्याएवढा मुलगा आहे मला, म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

मुलांना वाटतं आम्हाला कळत नाही. तसं नाही हो, आम्हाला भीती वाटते. मी सातपूरच्या कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात होतो. आमच्या पिढीने काय पाहिलं? आठ तासांची शिफ्ट, महिन्याच्या महिन्याला पगार, पीएफ, दिवाळीचा बोनस. त्यावर सिडकोत घर झालं, पोरांची शिक्षणं झाली. नंतर एकेका कंपनीने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती काढली तीही पाहिली. पन्नाशीच्या आत घरी बसलेली माणसं आमच्या गल्लीत होती. कायम नोकरीवाल्यांचं ते झालं, तर तीन-तीन महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्याचं काय होणार, हा विचार आमच्या डोक्यातून जात नाही.

मुलगा व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातली दृश्यं कॉम्प्युटरवर बदलायच्या कामात आहे. रात्री अकराला फोन केला तर ऑफिसात असतो. पीएफ आहे का विचारलं की म्हणतो, "बाबा, या लाइनमध्ये तसं नसतं." मग कसं असतं? ते मात्र सांगत नाही. मी हिशोब विचारला की त्याला वाटतं मी त्याच्या कामाला कमी लेखतोय. माझ्या भाषेत तीच काळजी असते. दुसरी भाषा आम्हाला कोणी शिकवली नाही.


रेषा_नाशिकरोड

काका, रागाचा प्रश्नच नाही. तुम्ही लिहिलंत तेच मला हवं होतं. एक विचारू? तो नक्की काय करतो, हे तुम्ही कधी त्याच्या शेजारी बसून पाहिलंय का?


सातपूरकर

एकदा. लॉकडाऊनमध्ये घरूनच काम करत होता तेव्हा. सिनेमातल्या माणसाची कड कापायची, म्हणजे मागचं दृश्य बदलता येतं. त्याला ते लोक रोटो म्हणतात. एका सेकंदाला चोवीस चित्रं. चार सेकंदांचा तुकडा म्हणजे शहाण्णव चित्रं, आणि प्रत्येकात कड थोडी सरकलेली. त्या बाईचे केस वाऱ्याने उडत होते आणि हा एकेका बटेभोवती रेघ ओढत होता. मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो. एका ठिकाणी रेघ किंचित आत गेली होती, मी बोट दाखवलं. त्याने ती जागा मोठी करून पाहिली आणि म्हणाला, "हो, दीड पिक्सेल आत आहे." जन्म मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापात गेला माझा, मला ते दिसणारच. त्या दिवशी आम्ही छान बोललो होतो. नंतर तो पुन्हा मुंबईला गेला आणि फोनवर "जेवलास का" याच्यापुढे काही जात नाही.


तिसरी_घंटा

धागा वाचून राहवलं नाही. मी नाटकांची प्रकाशयोजना करतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम.

आमच्याकडे विरोध नाही, त्याहून चिवट गोष्ट आहे. घरचे याला छंद म्हणतात. छंद म्हटलं की कौतुक करता येतं आणि गांभीर्याने घ्यावंही लागत नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांत हे शाळेपासून चालतं बघा. इलेमेंटरी द्या, इंटरमिजिएट द्या, दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यासाठी आई स्वतः गाडीवरून ड्रॉइंगच्या क्लासला सोडते, स्थिरचित्रासाठी घरातली कळशी अन् वांगी काढून देते. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर. म्हणजे चित्रकला वाईट नव्हती, ती फक्त टक्केवारीसाठी होती. मूल हे बरोबर शिकतं.

राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी तर घरात शीतयुद्धच असतं. महिनाभर रात्री एकला घरी येतो. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून शिडीवर. कोणता स्पॉट कुठे मारायचा, कोणत्या वाक्यावर काय मंद करायचं, याची माझ्याकडे वही असते. आईने प्रयोग पाहिला आणि म्हणाली, "छान झालं. तू कुठे होतास?" मी मागे कंट्रोलवर होतो. तिला वाटलं मी आलोच नाही.


इंदिरानगरची_आई

तुमच्या आईंची बाजू मी घेते. त्यांना कोणी सांगितलं होतं का की उजेडाकडेही बघायचं असतं? प्रयोगाआधी घरी पाच मिनिटं बसून "अमुक प्रसंगात निळा उजेड हळूहळू जातो, तो मी घालवतो" एवढं सांगितलं असतं, तर त्यांनी आख्खा अंक त्या उजेडावर डोळा ठेवून पाहिला असता. आयांना तेवढं येतं.

माझा मुलगा सिनेमा-मालिकांसाठी आवाजाचं काम करतो. मुंबईत राहतो. मी त्याच्याकडे महिनाभर राहायला गेले होते, तेव्हा मला ते काम समजलं. चित्रीकरणात संवाद सोडून बाकीचे बरेच आवाज नीट येतच नाहीत, ते नंतर भरतात. पायऱ्या चढल्याचा, भांडं ठेवल्याचा, साडीच्या पदराचा आवाज. एके दिवशी मी पोळ्या लाटत होते, तर हा माईक घेऊन आला. म्हणाला, "आई, बांगड्या काढू नकोस, तशाच लाट. थोडं हळू." मी लाटतेय आणि हा डोळे मिटून ऐकतोय. पोळपाट ओट्यावर हलत होता, त्याखाली त्याने दुमडून फडकं घातलं. पुन्हा लाट म्हणाला. सहा पोळ्या झाल्या तेव्हा कुठे त्याच्या मनासारखं झालं. त्याच्या कामात किती बारकावा असतो, हे मला तेव्हा कळलं. आता घरी मालिका लावली की मी आधी आवाज ऐकते.

पण कळलं म्हणून प्रश्न मिटत नाहीत, हेही लिहिते. त्याच्या लग्नाचं बघतोय. बायोडेटात मी "साउंड इंजिनियर" लिहिलं. तो माझ्यावर आठवडाभर चिडला होता. मी अजूनही बदललेलं नाही. "साउंड डिझायनर" लिहिलं तर समोरचे विचारतात, म्हणजे डीजे का? मुलीच्या वडिलांना फोनवर पहिल्या दोन मिनिटांत काय समजेल, ते मला बघावं लागतं.


रेषा_नाशिकरोड

काकू, पोळ्यांचा प्रसंग वाचून फार बरं वाटलं. पण बायोडेटाच्या बाबतीत मला तुमचं पटत नाही. ज्या घरी त्याचं खरं काम सांगता येत नाही, तिथे पुढे काय? लग्नानंतर त्या मुलीला कळणारच आहे की तो रात्री तीनला घरी येतो आणि काही महिने कामच नसतं.


इंदिरानगरची_आई

ते भेटीत सांगतोच, लपवत काही नाही. पण भेटीपर्यंत पोचायला हवं ना गं. तुला वाटतं आम्ही समाजाला घाबरतो. घाबरतो थोडं. पण समाज म्हणजे कोणी परका नाही, माझी नणंद आणि शेजारच्या वहिनी आहेत. त्यांना उत्तर मलाच द्यावं लागतं, तू नसतेस तिथे.


त्र्यंबकवाला

या धाग्यावर दादासाहेब फाळके यायलाच हवेत. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. वडील संस्कृतचे पंडित. अशा घरातला मुलगा १८८५ साली मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला जातो, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकतो, फोटोग्राफी करतो, छपाईचा धंदा करतो आणि चाळिशी उलटल्यावर सिनेमा काढायचं म्हणतो. आज कोणी त्या वयात असं म्हणालं तर घरचे काय म्हणतील?

मला त्यात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. दागिने दिले हे सगळे सांगतात. पण त्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायला शिकल्या, रसायनं कालवायला शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. थोरला मुलगा भालचंद्र १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' या पहिल्या चित्रपटात रोहिताश्व झाला. सगळं घर कामात होतं, म्हणून घराला काम कळलं. आणि भांडवलदाराला पटवायला फाळक्यांनी काय केलं? भाषण दिलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण करून रोप वाढताना पडद्यावर दाखवलं. आपली मुलं घरच्यांना असं काही दाखवतात का?


सातपूरकर

त्र्यंबकवाले, माहिती छान. पण बापाच्या बाजूने बघा. त्याच फाळक्यांचे शेवटचे दिवस आपल्या नाशकातच गेले, फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इथेच वारले, आणि तो काळ ओढगस्तीचा होता. मोठं स्मारक पांडवलेण्याच्या पायथ्याशी नंतर झालं. मला मुलाचं स्मारक नको, त्याच्या साठीला त्याच्या हातात पैसे असावेत. नाटककार वसंत कानेटकरांचं उदाहरण मला जवळचं वाटतं. इथल्या एचपीटी कॉलेजात शिकवत होते आणि नाटकं लिहीत होते. नोकरी सांभाळून कला होत नाही असं थोडंच आहे?


तिसरी_घंटा

काका, मी तेच करतोय, म्हणून सांगतो: होतं, पण सगळं होत नाही. नाटक लिहायला पहाट मिळू शकते. दौऱ्यावर जायला रजा मिळत नाही. तुमच्या मुलाचं काम तर मुळातच नोकरीच्या वेळेत होणारं आहे. प्रत्येक कलेचं वेळापत्रक वेगळं. आईवडिलांनी "कला" अशी एकच मोट न बांधता, आपल्या मुलाची जी आहे तेवढी समजून घ्यावी.


द्राक्षबाग_निफाड

नमस्कार मंडळी. मी शेतकरी, तीन एकर बाग. मुलगी मुंबईत अक्षरं बनवते. म्हणजे मोबाईलवर, पुस्तकात जी मराठी अक्षरं दिसतात, ती काढायचं काम.

वरची चर्चा वाचून एक गोष्ट ध्यानात आली. दर महिन्याला पैसे येत नाहीत, याचं नोकरीवाल्या घरांना फार वाटतंय. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, माल निघणार जानेवारी ते मार्च-एप्रिल. वर्षभर पैसा फक्त जातो आणि दोन-तीन महिन्यांत आला तर येतो. फुलोऱ्यात पाऊस झाला, माल तयार असताना गारपीट झाली, संपलं. आणि सगळं नीट झालं तरी व्यापारी माल तोडून नेतो, चेक देतो आणि गायब होतो. आमच्या तालुक्यात ज्याला असा व्यापारी भेटला नाही तो शेतकरी विरळा.

म्हणून पोरगी पहिल्यांदा रडत म्हणाली की काम दिलं पण कंपनी पैसे देत नाही, तेव्हा मी तिला नोकरी बघ म्हणालो नाही. मी विचारलं, आगाऊ किती घेतले होते? काहीच नाही म्हणाली. मग मी तिला धंदा शिकवला. निम्मे आधी, उरलेले माल गाडीत भरायच्या आधी. आता ती तसंच करते, फाइल देण्याआधी पैसे.

तिचं काम मला कधी पटलं तेही सांगतो. औषधाच्या बाटलीवर मराठीत बारीक लिहिलेलं असतं, किती मिली पाण्याला, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची. निर्यातीच्या मालाला ते चुकलं तर माल परत. ते अक्षर मला चष्मा लावूनही दिसत नव्हतं. ती सुट्टीत आली होती. तिनं बाटली हातात घेतली अन् म्हणाली, "दादा, हे बघा, 'ध' अन् 'घ' इथं सारखेच दिसतात, कारण वरची गाठ बुजली. लहान अक्षराला पोट जास्त उघडं ठेवायला लागतं." आमच्याकडं मुलं वडिलांना दादा म्हणतात. मग तिनं तिचं अक्षर तेवढ्याच आकारात छापून दाखवलं, ते मला बिनचष्म्याचं लागलं. मराठीच्या एका अक्षरसंचात जोडाक्षरं धरून शेकड्यांनी आकार काढावे लागतात म्हणे. गावात कोणी विचारलं तर मी आता बाटली काढूनच सांगतो.


रेषा_नाशिकरोड

काका, तुम्ही या धाग्यावर लिहिलंत, फार छान वाटलं. माझ्या डोक्यात होतं ते नेमकं असंच: आधी हिशोब कळला, मग काम कळलं.

आता माझ्या बाबांचं लिहिते. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. इथल्या बाहेरच्यांसाठी सांगते, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जातात, पासपोर्टही तिथेच छापतात. नोटांची करन्सी नोट प्रेस १९२८ ची. आमच्या वाड्यात निम्मी घरं प्रेसची होती. तिथल्या कामाबद्दल घरी बोलायचं नाही, हा नियम. गेटवर झडती, आत काय चाललंय ते बाहेर नाही. त्यामुळे बाबा आयुष्यभर नेमकं काय करत होते, हे मला लहानपणी माहीत नव्हतं आणि विचारायचं नसतं एवढं माहीत होतं. आमच्या घरात काम या विषयावर गप्प बसायची सवय अशी दोन्ही बाजूंनी होती.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका पुस्तकाचं छापील प्रूफ आलं. मला त्यात काहीतरी खटकत होतं, चेहरे मऊ वाटत होते, पण नेमकं काय ते सापडेना. बाबा पेपर वाचत होते. उठले, कपाटातून त्यांचं जुनं भिंग काढलं, कागद खिडकीशी नेला आणि कोपऱ्यातल्या अधिक (+) चिन्हाच्या खुणेवर भिंग ठेवलं. "मॅजेंटा सरकलाय. खाली, उजवीकडे. तुझं चित्र ठीक आहे, रजिस्टर आउट आहे." म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसले नव्हते. मग चित्रातल्या डोळ्याच्या कडेशी भिंग नेऊन मला दाखवलं, काळ्या रेषेबाहेर गुलाबी ठिपके आले होते. पुढे तासभर ते बोलत होते. दमट हवेत कागद कसा वाढतो, चार रंगांची छपाई एकामागोमाग होते तेव्हा तो कसा ताणला जातो, पावसाळ्यात का जास्त जपावं लागतं. यात कसलं गुपित नव्हतं, कुठल्याही छापखान्यातलं ज्ञान. पण मी ते पहिल्यांदा ऐकत होते. मी छापखान्याला कळवलं, त्यांनी दुरुस्त करून नवं प्रूफ पाठवलं.

बाबांना चित्रपुस्तकाची गोष्ट अजूनही फारशी आवडत नाही. "सशाने स्वेटर का घातलाय" असं विचारतात. पण प्रत्येक प्रूफ ते बघतात.


तांबट_गल्ली

रेषाताई, मस्त. आमचे वडील तांबटकाम करायचे. मी मोशन ग्राफिक्स करतो. वडिलांना कोणी कलाकार म्हटलं नाही, त्यांनीही स्वतःला म्हटलं नाही. हंड्याच्या पोटावर ठोके सारखे पडले नाहीत तर मात्र तो पुन्हा भट्टीत. मला वाटतं नाशकात अशी घरं भरपूर आहेत जिथे आईबाप स्वतः हातातलं कसब जाणतात: तांबट, सराफ, येवल्याचे पैठणी विणणारे. तिथे "कळत नाही" हा शब्दच लागू होत नाही. तिथे अडचण वेगळी असते: त्या कसबाने त्यांना पुरेसे पैसे दिले नाहीत, म्हणून मुलाने तरी त्यात पडू नये असं त्यांना वाटतं. माझे वडील हेच म्हणायचे.


हिशोबनीस

मी कर सल्लागार आहे, कलाक्षेत्रातले बरेच अशील आहेत. सातपूरकर काकांच्या प्रश्नाला उपयोगी पडेल असं लिहितो, कारण घरातले निम्मे वाद कागद नसल्यामुळे होतात.

पहिलं, दरवर्षी आयकर विवरणपत्र भरा, उत्पन्न कमी असलं तरी. गृहकर्जाला बँका स्वतंत्र काम करणाऱ्यांकडून साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. पगारपत्रकाची जागा तेच घेतं, आणि आईवडिलांना दाखवायलाही तेच चांगलं. कंपनी फीमधून जो टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, व्यावसायिक फीवर सहसा १० टक्के, तो बुडालेला नसतो. कर कमी बसत असेल तर परतावा मिळतो. कित्येक मुलं ते पैसे सोडून देतात. सिनेमाशी निगडित कलावंतांना, म्हणजे नट, छायालेखक, संकलक, गायक, गीतकार वगैरेंना, निम्मं उत्पन्न हाच नफा धरून कर भरायची सोपी योजना आहे. ती सगळ्याच कलांना लागू नाही, यादी पाहून घ्या. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

दुसरं, थकलेले पैसे. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट आहे. ती असेल तर सूक्ष्म-लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, करारात काहीही लिहिलं तरी गिऱ्हाइकाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. राज्याच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. नुसतं हे कलम बिलाखाली छापलं तरी माझ्या अशिलांचे पैसे लवकर सुटलेत.

तिसरं, हक्क. कॉपीराइट कायदा १९५७ चा. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करार वाचल्याशिवाय सही नाही. आणि पीएफची काळजी असलेल्या वडिलांसाठी: पीपीएफ हे सरकारी बचत खातं कोणालाही काढता येतं, १५ वर्षांचं, वर्षाला दीड लाखापर्यंत. नोकरी लागत नाही त्याला.


सातपूरकर

हिशोबनीस, हे मुलाला फॉरवर्ड केलं. त्याने लगेच फोन केला. पीपीएफ त्याने दोन वर्षांपूर्वीच काढलंय, मला माहीत नव्हतं! उद्यमचं त्याला माहीत नव्हतं. पाऊण तास बोललो. त्याचे एका ठिकाणी पैसे अडकलेत, हे आज पहिल्यांदा सांगितलं. आधी का नाही बोललास विचारलं तर म्हणाला, "तुम्ही म्हणाला असता, मी सांगितलं होतं ना."

म्हणालो असतो बहुतेक.


सिडको_बारावी

मी बारावीला आहे, सायन्स. मला अॅनिमेशन किंवा बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, करायचंय. पप्पा अंबडला कंपनीत आहेत. अजून घरी बोललो नाही. इथलं वाचून बोलायचं ठरवलंय, पण सुरुवात कुठून करू? पप्पा एकच विचारतील, किती वर्षं आणि किती पैसे.


रेषा_नाशिकरोड

मग तेच आधी काढ. बीएफए चार वर्षांचं. राज्यातल्या कॉलेजांना राज्याची वेगळी कला सीईटी आहे. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई यूसीड ही प्रवेश परीक्षा घेते, सायन्सलाच हवं असं काही नाही. अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास निघतात, परीक्षा जानेवारीत. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी. म्हणजे "बारावी झाल्यावर बघू" म्हणालास तर वर्ष हातचं जाईल. सरकारी कॉलेज आणि खासगी संस्था यांच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्ही आकडे कागदावर लिही, पप्पांसमोर ठेव. चकचकीत जाहिरात करून शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासचं पत्रक नेऊ नकोस, ते पप्पांना तुझ्याआधी खोटं वाटेल. आणि स्वतःचं काम दाखव. तीस सेकंदांचं अॅनिमेशन असेल तर ते दाखव, पण त्याच्यासोबत ती सगळी कच्ची चित्रंही दाखव, गठ्ठाच्या गठ्ठा.


इंदिरानगरची_आई

आणि आईला आधी सांग रे बाळा. दोघांना एकदम सांगितलंस तर तिला पप्पांच्या बाजूने बोलावं लागेल.


तिसरी_घंटा

काकूंशी शंभर टक्के सहमत.


सिडको_बारावी

कच्ची चित्रं आहेत, दोन फुलस्केप वह्या भरल्यात. आईला माहितीये थोडं. पण पप्पा म्हणतील शिक्षण झाल्यावर पहिली चार-पाच वर्षं कमाई नसली तर काय खाणार. याचं उत्तर माझ्याकडे नाही.


सातपूरकर

पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही. तू असं म्हण: पप्पा, दोन वर्षं मिळेल ते काम करीन, महिन्याचा हिशोब तुम्हाला दाखवीन, तुम्हीच वही ठेवा. कंपनीतल्या माणसाला वही दिली की तो निम्मा तुझ्या बाजूला आला. माझा मुलगा पहिली दोन वर्षं लग्नाचे व्हिडिओ कापून घरभाडं भरत होता, हेही सांग. त्याची हरकत नाही, आत्ताच विचारलं.


द्राक्षबाग_निफाड

बाळा, घरी बोलणं झालं की इथं कळव. आणि पप्पांना दुसऱ्या एखाद्या बापाशी बोलायचं असलं तर त्यांच्या परवानगीनं त्यांचा नंबर मला व्यक्तिगत संदेशात पाठव. रविवारी बाजाराला नाशकात असतो, अंबडला येऊन जाईन. बाटली बरोबर आणतो.